डाव्या हाताची दोन बटणं

परळला, केईएमच्या पाठच्या गल्लीत,
झेरॉक्सवाला आणि शहाळंवाला यांच्या मधोमध
आमची लॅब. काउंटर इतकं अरुंद
की पेशंटचं कोपर आणि माझा कीबोर्ड
यांच्यात जेमतेम एक स्टेपलर मावतो.

मार्चमध्ये वायंगणकरांनी वाकून
बायकोचा रिपोर्ट स्क्रीनवर वाचला.
मी पाठमोरी, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते.
डॉक्टर केंकरे यायला दोन तास होते.
वळले, तर माणूस नाही.
काउंटरवर चष्म्याची डबी, उघडी.

संध्याकाळी मेल्विन तुस्कानोला म्हटलं,
मला एक कुलूप पाहिजे.
मेल्विन आमची मशीनं बघतो, वसईहून येतो.
म्हणाला, मॅडम, कुलूप आहेच की,
मेनूत जा, खाली या, नावावर क्लिक करा…
म्हटलं, तेवढ्यात माणूस अख्खं हिमोग्लोबिन वाचतो.
मला चिमटीत मावणारं हवं.

मग बसलो दोघं. सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट,
नवीन जोडा. नाव द्या, म्हणालं मशीन.
मेल्विनने लिहिलं : स्क्रीन लॉक.
मी खोडून लिहिलं : पदर.
(नऊ वर्षं कामावर पंजाबी ड्रेसच घालते, तरी.)

आता बटणं दाबा.
पहिली जोडी बारकोडवाल्याने आधीच पळवलेली.
दुसरीने कॅलक्युलेटर उघडला.
तिसरीला उजवा हात लागत होता,
आणि उजवा हात कामाच्या वेळी माझा नसतोच,
तो पावत्यांचा, सुट्ट्या पैशांचा, लेबल चिकटवायच्या बाटल्यांचा.
शेवटी डाव्या कोपऱ्यात सापडली दोन :
करंगळी आणि अंगठा.
भाकरीचा तुकडा मोडायला लागतो
त्याहून कमी जोर.

दाबली. काही नाही.
मेल्विनने सेव्ह केलं नव्हतं.
पुन्हा दाबली.
काळोख, आणि मधोमध घड्याळ : सात दहा.
आम्ही उगाचच हळू बोलायला लागलो,
शेजारी कुणी झोपल्यासारखे.

एप्रिल. मे. शुगर, क्रिएटिनिन,
एका मुलीचा पॉझिटिव्ह, आणि तिच्यासोबत तिचे वडील.
करंगळी, अंगठा. अकरा पाच.
करंगळी, अंगठा. चार वीस.
घरी पीठ मळताना आईने विचारलं,
त्या ठाण्याच्या स्थळाचं पुढे काय झालं,
तर दोन्ही बोटं परातीच्या काठावर आपोआप.
आई बघत राहिली.
परातीला पासवर्ड नसतो.

ऑगस्टात वायंगणकर आले. एकटेच.
डबी राहिली होती, म्हणाले.
मी ती रबरबँड लावून खणात जपलेली.
माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले,
तुमचं काय चुकलं त्यात?
मला ते दोन तास मिळाले नसते.
भोईवाड्यापर्यंत चालत गेलो. एका बाकड्यावर बसून रडलो.
नळावर तोंड धुतलं, तिच्यासाठी मोसंबी घेतली,
मग डॉक्टरांसमोर पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.
नाहीतर तिथे तिलाच
मला सावरावं लागलं असतं.

नवा चष्मा मोठा, त्या डबीत बसेना.
तरी घेऊन गेले.

मी शॉर्टकट काढला नाही.
ज्याचा रिपोर्ट त्याचा, हे मला अजून पटतं.
ते दोन तास तिच्या आधी त्यांनी घ्यावेत का,
हे बाईंना कुठे कुणी विचारलं होतं?

पण आज सकाळी कुणाचा तरी जावई
मान लांब करून उभा.
करंगळी वेळेवर पोचली,
अंगठा जरासा मागे रेंगाळला.
किती, ते मशीनला कळत नाही.
दोन्ही दाबली गेली, एवढंच ते बघतं.

किती वाजले ते बघत होतो, तो म्हणाला.
नऊ चाळीस, मी म्हटलं.